प्लॅटिनमवरचे इथिलीन: लहान हायड्रोकार्बन रेणू धातूच्या पृष्ठभागाशी कसे जोडले जातात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिथेन, इथिलीन, ॲसिटिलीन किंवा बेंझीन यांसारखा रेणू संक्रमण धातूच्या पृष्ठभागावर येऊन टेकतो तेव्हा नेमके काय घडते, हे मला पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही विचारतात आणि कारखान्यात उत्प्रेरक हाताळणारे अभियंतेही विचारतात. पुढील उत्तरे मी शक्यतो एकाच जोडीभोवती बांधली आहेत. ती जोडी म्हणजे प्लॅटिनमचा (१११) फलक आणि इथिलीन. (१११), (१००) अशा आकड्यांनी स्फटिक कोणत्या दिशेने कापला आहे हे सांगतात, आणि कापल्यावर उघडा पडणारा पृष्ठभाग म्हणजे फलक. या जोडीचा अभ्यास इतक्या बारकाईने झाला आहे की ती नीट समजली तर बाकीची उदाहरणे तिच्याशी ताडून पाहता येतात.

पृष्ठभागावरचा अणू आतल्या अणूपेक्षा वेगळा का वागतो?

प्लॅटिनमच्या स्फटिकात आतल्या प्रत्येक अणूला बारा शेजारी असतात. स्फटिक कापून (१११) फलक उघडा केला की वरच्या थरातील अणूला नऊ शेजारी उरतात, (१००) फलकावर आठ, आणि (११०) फलकाच्या सर्वांत वरच्या रांगेत फक्त सात. जे शेजारी गेले त्यांच्याशी बंध राखण्यात गुंतलेले इलेक्ट्रॉन आता बाहेरून येणाऱ्या रेणूसाठी अधिक उपलब्ध होतात, आणि पृष्ठभागाची सारी रासायनिक ओढ तिथून सुरू होते.

(१११) फलकाची रचना डोळ्यांसमोर आणायची असेल तर कॅरमच्या पटावर डावाच्या आरंभी मधोमध रचलेल्या सोंगट्या आठवाव्यात, कारण तिथेही कडेच्या सोडल्यास प्रत्येक सोंगटीला सहा सोंगट्या चिकटलेल्या असतात. प्लॅटिनममध्ये दोन शेजारी अणूंच्या केंद्रांतील अंतर २.७७ अंगस्ट्रॉम असते (एक अंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). येणाऱ्या रेणूला बसण्यासाठी तीन प्रकारच्या जागा मिळतात: एका अणूच्या थेट डोक्यावर, दोन अणूंमधल्या पुलावर, किंवा तीन अणूंमधल्या खळग्यात. खळगेही दोन प्रकारचे असतात, कारण काहींच्या बरोबर खाली दुसऱ्या थरातला अणू असतो आणि काहींच्या खाली नसतो. हा भेद क्षुल्लक वाटतो, पण पुढे तो उपयोगी पडेल.

मिथेन आणि इथेन धातूला घट्ट का चिकटत नाहीत?

कारण त्यांच्याकडे देण्याजोगे काही सहज उपलब्ध नसते. संतृप्त हायड्रोकार्बनमध्ये सर्व इलेक्ट्रॉन कार्बन–कार्बन आणि कार्बन–हायड्रोजन यांच्या सिग्मा-बंधांत, म्हणजे दोन अणूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच्या बंधांत, खोल गुंतलेले असतात, आणि रिकामी कक्षके (इलेक्ट्रॉनांना राहण्याच्या जागा) ऊर्जेच्या दृष्टीने फार वर असतात. त्यामुळे धातूशी त्यांचे नाते मुख्यतः व्हॅन डर वाल्स आकर्षणाचे, म्हणजे कोणत्याही दोन रेणूंत असणाऱ्या क्षीण ओढीचे, राहते. प्लॅटिनमच्या (१११) फलकावर मिथेन जेमतेम १५ किलोज्यूल प्रति मोल इतक्या ऊर्जेने धरला जातो आणि साधारण ६५ केल्विनच्या आसपास सुटून जातो. साखळीत एकेक कार्बन वाढला की ही ऊर्जा जवळजवळ सरळ रेषेत, दर कार्बनमागे दहा-बारा किलोज्यूलने वाढत जाते, कारण पृष्ठभागाला लागून आडवा पडणारा भाग तेवढा वाढतो. पृष्ठभागावर रेणू धरले जाणे म्हणजे अधिशोषण, आणि या सैल प्रकाराला भौतिक अधिशोषण म्हणतात.

मग इथिलीनमध्ये असे काय आहे?

त्याचा पाय-बंध (π-बंध), म्हणजे दुहेरी बंधातला अणूंना जोडणाऱ्या रेषेच्या बाजूंना पसरलेला, सैल भाग. या प्रश्नाचे उत्तर पृष्ठविज्ञान जन्माला येण्याच्या कितीतरी आधी एका क्षाराने देऊन ठेवले होते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ झाइस यांनी १८२० च्या दशकात प्लॅटिनम क्लोराइड आणि अल्कोहोल यांपासून एक पिवळा क्षार मिळवला. त्यात प्लॅटिनमच्या एका अणूला इथिलीनचा अख्खा रेणू जोडलेला होता. हे कसे शक्य आहे, याचा उलगडा होण्यास सव्वाशे वर्षे लागली. १९५१ मध्ये ड्यूअर यांनी आणि १९५३ मध्ये चॅट व डंकन्सन यांनी जे चित्र मांडले ते आजही पृष्ठभागावरील बंधाचे पहिले चित्र म्हणून शिकवले जाते.

ते चित्र दुहेरी देवाणघेवाणीचे आहे. इथिलीनच्या भरलेल्या पाय-कक्षकातून इलेक्ट्रॉन धातूच्या रिकाम्या कक्षकांकडे सरकतात. आणि त्याच वेळी धातूच्या भरलेल्या डी-कक्षकांतून इलेक्ट्रॉन इथिलीनच्या रिकाम्या प्रतिबंधी पाय-कक्षकात येतात. दोन्ही प्रवाहांनी धातू–कार्बन बंध बळकट होतो, आणि दोन्ही प्रवाहांनी कार्बन–कार्बन बंध कमजोर होतो, कारण पहिल्यात बंध घडवणारे इलेक्ट्रॉन कमी होतात आणि दुसऱ्यात बंध मोडणारे इलेक्ट्रॉन वाढतात. विद्यार्थी बहुधा पहिला प्रवाह लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. माझा अनुभव असा की या विषयातील निम्मे गैरसमज तिथेच जन्मतात. धातू नुसता घेणारा नाही, आणि तो किती परत देतो यावरच पुढे रेणूचे काय होणार हे मुख्यतः ठरते.

पाय-बंधित इथिलीन आणि डाय-सिग्मा इथिलीन यांत फरक काय?

देवाणघेवाण थोडी असेल तर इथिलीन एका धातू-अणूच्या डोक्यावर आडवा बसतो, त्याचा आकार जवळजवळ सपाट राहतो आणि दुहेरी बंध ओळखता येतो. ही पाय-बंधित अवस्था होय. देवाणघेवाण पुष्कळ असेल तर दुहेरी बंधाचा पाय भाग जवळपास संपतो, प्रत्येक कार्बन शेजारच्या एकेका धातू-अणूशी स्वतंत्र सिग्मा-बंध करतो, आणि चारही हायड्रोजन पृष्ठभागापासून वर वळतात. ही डाय-सिग्मा अवस्था होय. यात कार्बनचे संकरण, म्हणजे त्याच्या बंधांची मांडणी, सपाट एसपी-दोनकडून चौमुखी एसपी-तीनकडे सरकते. रेणू इथेनसारखा दिसू लागतो, फक्त त्याचे दोन हायड्रोजन जाऊन त्यांच्या जागी प्लॅटिनमचे दोन अणू आलेले असतात.

मुक्त इथिलीनमध्ये कार्बन–कार्बन अंतर १.३४ अंगस्ट्रॉम असते आणि इथेनमध्ये १.५४. प्लॅटिनमच्या (१११) फलकावरील डाय-सिग्मा इथिलीनमध्ये ते सुमारे १.४९ भरते, म्हणजे रेणू इथेनच्या बराच जवळ पोचलेला असतो. कंपनांतही हेच दिसते. मुक्त रेणूत कार्बन–कार्बन ताणाची तरंगसंख्या १६२३ प्रति सेंटिमीटर असते, तर डाय-सिग्मा अवस्थेत ती १०५० च्या आसपास घसरते. चांदीवर मात्र हाच आकडा फारसा हलत नाही, कारण तिथे इथिलीन फक्त टेकलेला असतो.

प्लॅटिनमवर सुमारे ५० केल्विनच्या खाली पाय-बंधित इथिलीन मिळतो आणि १०० केल्विनला डाय-सिग्मा. मात्र या दोन अवस्था म्हणजे दोन वेगळ्या पेट्या नव्हेत. त्यांच्या मध्ये सलग उतार आहे, आणि धातू, फलक, तापमान व गर्दी यांप्रमाणे रेणू त्या उतारावर कुठेतरी थांबतो.

डाय-सिग्मा इथिलीन तापवला तर काय होते?

या विषयातील माझा सर्वांत आवडता प्रयोग हाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आधी प्रयोगाचे निर्वात चेंबर तापवून, पंप करून त्यातला दाब १० चा उणे १० वा घात टॉर (दाबाचे एकक) इतका खाली आणावा लागतो. त्यापेक्षा शंभर पटींनी वाईट निर्वातात उरलेला वायूच काही मिनिटांत सगळा पृष्ठभाग झाकून टाकतो. मग स्वच्छ स्फटिक १०० केल्विनपर्यंत थंड करून त्यावर इथिलीनचा मोजका डोस द्यायचा, आणि स्फटिक एकसारख्या वेगाने तापवत, निघणाऱ्या वायूकडे मास स्पेक्ट्रोमीटरने पाहत बसायचे. सुमारे २८५ केल्विनला थोडा इथिलीन जसाच्या तसा सुटतो. त्याला लागूनच, ३०० केल्विनच्या आसपास, वस्तुमान २ वर हायड्रोजनचा पहिला उंचवटा उभा राहतो. मग रेघ पुन्हा खाली येते, आणि ५०० केल्विनच्या आसपास दुसरा, रुंद उंचवटा सुरू होऊन त्याची शेपटी ७०० केल्विनपर्यंत रेंगाळते. पहिल्या उंचवट्याखालचे क्षेत्रफळ आणि बाकी सगळ्याचे क्षेत्रफळ यांचे प्रमाण जवळपास एकास तीन येते.

हे प्रमाण खूप काही सांगते. इथिलीनच्या चार हायड्रोजनांपैकी खोलीच्या तापमानाला एकच गेला आणि तीन राहिले, म्हणजे पृष्ठभागावर दोन कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा एक गट उरला. तो गट म्हणजे इथिलिडाइन. त्याचा खालचा कार्बन तीन प्लॅटिनम अणूंच्या खळग्यात रुतलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर मिथिल गट सरळ उभा असतो. आडवा पडलेला रेणू एक हायड्रोजन टाकतो, दुसरा एका कार्बनवरून दुसऱ्यावर जातो आणि रेणू उठून उभा राहतो. एवढी मोठी उलथापालथ खोलीच्या तापमानाला, आपोआप, काही मिनिटांत होते, याचे मला पहिल्यांदा हा आलेख पाहिला तेव्हा वाटलेले आश्चर्य अजून ओसरलेले नाही.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. इथिलीनचे वस्तुमान २८ आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडचेही २८. प्रत्येक चेंबरच्या शिलकी वायूत कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि तो प्लॅटिनमला घट्ट चिकटून इथिलीनच्या कितीतरी नंतर सुटतो. विद्यार्थिदशेत मी असा एक उशिराचा उंचवटा इथिलीनची नवी अवस्था समजून त्यावर दोन आठवडे घालवले होते. इथिलीनचा मागोवा वस्तुमान २७ वर घ्यावा. त्या तुकड्याला कार्बन मोनॉक्साइडची भेसळ लागत नाही.

तो गट इथिलिडाइनच आहे, हे कसे ठरले?

सहजासहजी नाही. १९७० च्या दशकात इबाख आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जाक्षयावरून पृष्ठभागावरील कंपने मोजली, आणि त्या वर्णपटावरून हा गट इथिलिडीन असावा असे सुचवले. इथिलिडीनच्या खालच्या कार्बनवर एक हायड्रोजन शिल्लक असतो. १९७९ मध्ये केसमोडेल, ड्युबॉइस आणि सोमोर्जाय यांनी कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने रचना काढली. तीत कार्बन–कार्बन अक्ष पृष्ठभागाला लंब निघाला, त्या दोन अणूंतील अंतर १.५० अंगस्ट्रॉम आले, आणि खालचा कार्बन ज्याच्या बरोबर खाली दुसऱ्या थरातला अणू नाही अशा खळग्यात सापडला.

वाद मिटवणारा पुरावा मात्र पृष्ठभागावरचा नव्हता. कोबाल्टच्या तीन अणूंचा एक कार्बोनिल समूह, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने वेढलेल्या धातू-अणूंचे संयुग, आहे. त्यात तीन कोबाल्टांवर असाच एक कार्बन बसलेला असतो आणि त्यावर मिथिल गट असतो. त्याची रचना क्ष-किरणांनी निर्विवाद ठरलेली होती. शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या संयुगाचा अवरक्त वर्णपट प्लॅटिनमवरील वर्णपटाशेजारी ठेवला आणि दोन्ही जुळले. बाटलीत ठेवता येणाऱ्या संयुगाने पृष्ठभागावरच्या गटाची ओळख पटवून द्यावी, हे मला फार मोलाचे वाटते. पृष्ठरसायन आणि धातू-समूहांचे रसायन ही दोन शास्त्रे वेगवेगळ्या वर्गांत शिकवली जातात, पण कार्बनला तो भेद ठाऊक नसतो.

मिथिल, मिथिलीन, मिथाइलिडाइन हे तुकडे पृष्ठभागावर कुठे बसतात?

प्लॅटिनमच्या (१११) फलकावर याचे उत्तर शाळेत शिकलेल्या एका नियमाने देता येते: कार्बनची संयुजा चार. तीन हायड्रोजन असलेल्या मिथिलला एकच बंध कमी असतो, म्हणून तो एका अणूच्या डोक्यावर बसतो. दोन हायड्रोजन असलेल्या मिथिलीनला दोन बंध हवे असतात, म्हणून तो पुलावर जातो. एकच हायड्रोजन उरलेला मिथाइलिडाइन तीन बंधांसाठी खळगा गाठतो. इथिलिडाइन खळग्यात का उभा राहतो, याचेही उत्तर हेच.

पण हा नियम सर्व धातूंना लावू नये. निकेलच्या (१११) फलकावर मिथिलसुद्धा डोक्यावर न बसता खळगा पसंत करतो. प्लॅटिनमसारख्या पाचव्या डी-श्रेणीच्या धातूंत दिशा असलेले बंध अधिक ठळक असतात, तर निकेल आणि तांबे यांच्यात कार्बन जास्तीत जास्त शेजारी मिळवण्याकडे झुकतो.

इथिलीनचेही तसेच आहे. निकेलच्या त्याच फलकावर इथिलीन २३० केल्विनच्या आसपासच दोन हायड्रोजन टाकून ॲसिटिलीन होतो, इथिलिडाइनच्या वाटेला जात नाही. एका धातूवरचा निष्कर्ष न तपासता दुसऱ्यावर नेला की चूक होते ती अशी.

ॲसिटिलीन कसा जोडला जातो?

ॲसिटिलीनकडे एकमेकांना काटकोनात असलेले दोन पाय-बंध आहेत, त्यामुळे त्याची पकड दुहेरी असते. प्लॅटिनमच्या (१११) फलकावर तो खळग्यावर आडवा पडतो, दोन अणूंशी सिग्मा-बंध करतो आणि उरलेला पाय-बंध तिसऱ्या अणूला देतो. मुक्त रेणूतील १.२० अंगस्ट्रॉमचे कार्बन–कार्बन अंतर ताणून १.४५ च्या आसपास जाते, आणि सरळ रेषेतला रेणू वाकून हायड्रोजन वर उचलले जातात.

पॅलेडियमच्या (१११) फलकावर त्याने १९८० च्या दशकात संशोधकांना चकित केले. अतिनिर्वातात, स्वच्छ स्फटिकावर, तीन ॲसिटिलीन एकत्र येऊन बेंझीनचे वलय तयार होते.

तांब्यावरील ॲसिटिलीनचाही उल्लेख करायला हवा, कारण त्यावरच एका रेणूतला एक बंध ऐकण्याची कला प्रथम साधली. १९९८ मध्ये विल्सन हो आणि सहकाऱ्यांनी ८ केल्विनला, तांब्याच्या (१००) फलकावर बसलेल्या एकट्या ॲसिटिलीन रेणूवर एसटीएमची, म्हणजे सुईतून वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहाने पृष्ठभाग पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची, सुई नेमकी धरली. विद्युत्‌दाब ३५८ मिलिव्होल्टला पोचताच इलेक्ट्रॉनांना जाण्याची एक नवी वाट खुली झाली. ती ऊर्जा कार्बन–हायड्रोजन ताणाची होती. शेजारचा, ड्युटेरियमचा (दुप्पट जड हायड्रोजनचा) ॲसिटिलीन घेतला तेव्हा तीच खूण २६६ मिलिव्होल्टला सरकली. वस्तुमान दुप्पट झाले की कंपन किती मंदावते, हे सूत्र आपण कागदावर सोडवतो. तिथे ते दोन शेजारी रेणूंमध्ये मोजून दिसले.

बेंझीन सपाट बसतो की उभा?

प्लॅटिनमवर सपाट, वलयाचा मध्य दोन अणूंमधल्या पुलावर ठेवून. मात्र तो पूर्ण सपाट राहत नाही. कार्बन खाली धातूकडे ओढले जातात आणि हायड्रोजन किंचित वर उचलले जातात. उष्णतामापनाने मिळालेली कमी गर्दीतील अधिशोषण-ऊर्जा १९७ किलोज्यूल प्रति मोल आहे, आणि पृष्ठभाग भरत जातो तशी ती घटत जाते. सोने, चांदी आणि तांबे यांच्यावर हाच रेणू साधारण ६० ते ७० किलोज्यूलने टेकतो आणि त्याचे वलय जसेच्या तसे राहते.

धातूधातूंत इतका फरक का पडतो?

सर्वांत उपयोगी उत्तर हॅमर आणि नॉर्स्कोव यांच्या डी-पट्ट्याच्या प्रतिमानात मिळते. १९९५ मध्ये त्यांनी सोने सर्वांत उदासीन धातू का आहे याचे स्पष्टीकरण दिले, आणि त्यातून हा विचार रूढ झाला. धातूतील डी-इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा एका अरुंद पट्ट्यात असतात. रेणूचे कक्षक या पट्ट्याशी जुळले की दोन अवस्था तयार होतात: एक बंध घडवणारी, खाली, दुसरी बंध मोडणारी, वर. धातूतील इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती फर्मी पातळी. वरची अवस्था फर्मी पातळीच्या वर गेली तर ती रिकामी राहते आणि बंध टिकतो. ती खाली राहिली तर भरते आणि बंध कमजोर होतो. म्हणून डी-पट्ट्याचे केंद्र फर्मी पातळीच्या किती जवळ आहे, यावर पकड ठरते. निकेलमध्ये हे केंद्र फर्मी पातळीच्या सुमारे १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली आहे, पॅलेडियममध्ये १.८, प्लॅटिनममध्ये २.२५, सोन्यात ३.५६, आणि चांदीत ४.३.

या यादीवर थांबून निष्कर्ष काढणाऱ्यांना मी एकच गोष्ट दाखवतो: चांदीचे केंद्र सोन्याहून खोल आहे, तरी सोने अधिक उदासीन आहे. कारण केंद्राच्या जागेबरोबरच कक्षकांच्या विस्ताराचाही विचार करावा लागतो. सोन्याची पाचवी डी-कक्षके फुगीर असतात. ती रेणूच्या भरलेल्या कक्षकांवर अधिक चढतात, आणि त्यातून उद्भवणारे प्रतिकर्षण वाढते.

बंध जितका घट्ट, तितका उत्प्रेरक चांगला, असे आहे का?

नाही. हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ सबातिये आणि सँद्राँ यांनी १८९७ मध्ये निकेलवरून इथिलीन आणि हायड्रोजन जाऊ दिले आणि इथेन मिळवले. सबातिये यांना या क्षेत्रातील कामासाठी १९१२ चे नोबेल मिळाले. वनस्पती तुपाच्या कारखान्यांत तेल घट्ट करण्यासाठी निकेल वापरले गेले, त्याची मुळे याच कामात आहेत. सबातिये यांचे म्हणणे असे की पृष्ठभागावरील मधली अवस्था तयार होण्याइतकी बळकट हवी आणि सुटण्याइतकी कमजोरही हवी.

प्लॅटिनमवरील इथिलीन हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. पृष्ठभागावर सर्वाधिक संख्येने आणि सर्वांत घट्ट बसलेला इथिलिडाइन हाच इथेनकडे जाणारा मार्ग असेल, असे स्वाभाविकपणे वाटते. प्रत्यक्षात तो बघ्या ठरला. १९९६ मध्ये सोमोर्जाय यांच्या गटाने वातावरणीय दाबाच्या जवळ, प्रत्यक्ष अभिक्रिया चालू असताना, लेसरच्या दोन किरणांच्या बेरीज-वारंवारतेने, म्हणजे दोन्ही किरण पृष्ठभागावर मिळून जो बेरजेच्या वारंवारतेचा प्रकाश निघतो त्याने, पृष्ठभाग पाहिला. इथेनचे उत्पादन इथिलिडाइनवर किंवा डाय-सिग्मा इथिलीनवर अवलंबून नव्हते. काम करत होता तो हलक्या हाताने धरलेला पाय-बंधित इथिलीन, आणि तो एका पूर्ण थराच्या अवघ्या चार टक्के इतकाच होता.

निर्वातातील मोजमाप निरुपयोगी ठरते, असा याचा अर्थ काढू नये. निर्वाताने आपल्याला सगळ्या अवस्थांची ओळख करून दिली. त्यांपैकी कोणती राबते आणि कोणती बसून राहते, हे मात्र दाबाखालीच कळते.

कारखान्यात याचा उपयोग कुठे होतो?

रायगड जिल्ह्यातील नागोठण्यासारख्या संकुलात इथेन आणि प्रोपेन तापवून इथिलीन काढतात, तेव्हा त्याबरोबर थोडा ॲसिटिलीन येतोच. पॉलिथिनच्या उत्प्रेरकाला तो मारक असतो, म्हणून त्याचे प्रमाण दहा लाखांत काही भाग इतके खाली आणावे लागते. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे पॅलेडियमवर हायड्रोजन देऊन ॲसिटिलीनचे इथिलीन करणे.

अडचण अशी की इथिलीन ढीगभर आणि ॲसिटिलीन चिमूटभर, आणि हायड्रोजन दोघांनाही लागू शकतो. बचाव होतो तो बंधाच्या बळातील फरकामुळे: ॲसिटिलीन अधिक घट्ट चिकटतो, म्हणून तो असेपर्यंत इथिलीनला जागाच मिळत नाही. पॅलेडियममध्ये चांदी मिसळली की पॅलेडियमचे लागून असलेले अणू विरळ होतात आणि त्यांची पकडही थोडी सैल होते. मग नुकताच तयार झालेला इथिलीन इथेन होण्याआधी निसटू शकतो. चांदी इथे काम बिघडवण्यासाठीच घातलेली असते, आणि तेवढे बिघडणे हवे असते.

मिथेनचा बंध धातू कसा तोडतो?

मुक्त मिथेनचा पहिला कार्बन–हायड्रोजन बंध तोडण्यास ४३९ किलोज्यूल प्रति मोल लागतात. निकेलच्या (१११) फलकावर हा अडसर सुमारे १०० पर्यंत आणि प्लॅटिनमवर सुमारे ८० पर्यंत खाली येतो. एका अणूच्या डोक्यावर रेणू आला की धातूचे इलेक्ट्रॉन त्या बंधाच्या प्रतिबंधी कक्षकात शिरतात, बंध ताणला जातो, आणि शेवटी मिथिल आणि हायड्रोजन वेगळे होतात. ऊर्जा किती दिली याइतकेच ती कुठे दिली यालाही इथे महत्त्व आहे. २००५ मध्ये बेक यांच्या गटाने दाखवले की निकेलच्या (१००) फलकावर मिथेनचा सममित ताण जागवला तर तो असममित ताणापेक्षा कितीतरी अधिक प्रभावी ठरतो, जरी दोन्ही कंपनांची ऊर्जा जवळपास सारखी असते.

पायऱ्या आणि कोपरे यांचे काय?

कोणताही खरा स्फटिक पूर्ण सपाट नसतो. पायरीच्या काठावरील अणूंना शेजारी आणखी कमी असतात, त्यांचा डी-पट्टा वर सरकलेला असतो, आणि कार्बन–हायड्रोजन बंध बहुधा तिथे आधी तुटतात. त्याच जागा कार्बनने आधी बुजतात, हेही खरे.

संगणकीय गणितावर किती विश्वास ठेवावा?

रचनांसाठी पुष्कळ, ऊर्जांसाठी जपून. घनता-फलन सिद्धान्त, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची गणिती पद्धत, इथे वापरतात. त्याच्या जुन्या रूढ आवृत्त्यांत व्हॅन डर वाल्स आकर्षण धरलेलेच नव्हते. त्यामुळे सोन्यावर बेंझीन जवळपास टिकतच नाही असे उत्तर यायचे, आणि प्रयोगात तर तो स्पष्ट टिकतो. नव्या आवृत्त्यांत ही उणीव बरीच भरून निघाली आहे. तरीही गणिताचा आकडा उष्णतामापनाशी ताडून पाहिल्याशिवाय मी विद्यार्थ्यांना तो वापरू देत नाही.

सर्वांत शेवटी पृष्ठभागावर काय उरते?

इथिलिडाइन ५०० केल्विनच्या पुढे तापवला की उरलेले हायड्रोजन टप्प्याटप्प्याने सुटतात, कार्बनचे तुकडे एकमेकांना भेटून जुळतात, आणि आणखी उंच तापमानाला ग्राफाइटचा एक अणू-जाडीचा थर तयार होतो. तोच थर हेतुपूर्वक वाढवला की त्याला ग्राफीन म्हणतात, आणि तेलशुद्धीकरणातील प्लॅटिनम उत्प्रेरकावर नको असताना कार्बन साचला की त्याला कोक म्हणतात. पूर्ण ग्राफीनचा थर धातूला फारच सैल धरून असतो, कारण त्याचे सर्व पाय-इलेक्ट्रॉन आपापसांत गुंतलेले असतात. ज्या देवाणघेवाणीने इथिलीन धातूला जोडला गेला, ती आता कार्बन आपल्या शेजाऱ्यांशीच करतो.

स्फटिक पुन्हा वापरायचा असेल तर त्यावर थोडा ऑक्सिजन सोडून तो तापवावा लागतो. वस्तुमान २८ आणि ४४ वर कार्बनचे ऑक्साइड निघू लागतात. दोन्ही रेघा पायथ्याला येऊन टेकेपर्यंत हे चक्र पुन्हा पुन्हा करायचे, मग शेवटी ऑक्सिजन बंद करून स्फटिक एकदा जोरात तापवायचा, आणि पुन्हा १०० केल्विनपर्यंत थंड करत आणायचा.